सात घरांच्या ओळीतली निळी भिंत

शेवट आधीच सांगून टाकते: आम्ही जिंकलो. गोष्ट रंगवून सांगायची आणि निकाल शेवटपर्यंत पदराआड ठेवायचा, एवढा संयम माझ्यात नाही. सिंगापूरच्या मरीन परेडच्या मागच्या गल्लीत एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या सात जुन्या घरांच्या ओळीत, चौथ्या घरात, बारा वर्षांपूर्वी एका भिंतीवरून लढाई झाली होती. आज शनिवारी सकाळी आईला घेऊन मी त्या ओळीत आले, ती भिंत तिला दाखवायला.

आई तीन दिवसांपूर्वी अकोल्याहून आली. सिंगापूरच्या उंच इमारती तिने एकदाच मान वर करून पाहिल्या आणि विषय संपवला. पण भिंत दिसली की तिचा हात आपोआप पुढे जातो. विमानतळाची भिंत, एमआरटी म्हणजे मेट्रोच्या स्टेशनची भिंत, पाया लेबारजवळच्या माझ्या फ्लॅटची भिंत, सगळ्यांना तिने टिचकी मारून पाहिली आणि नाक मुरडलं. बस थांब्यावरून चालताना ती दोन पावलं मागेच राहिली. मी मात्र मुद्दाम हळू चालत होते, कारण ही गल्ली मला घाईने संपवायची नव्हती.

सात घरं, पण कौलांची रेघ एकच. समोरून सातही घरांना जोडणारी पाच फुटांची छपराखालची वाट. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फुलांच्या नक्षीच्या फरशा, त्यावर कुणाचा फिकट गुलाबी, कुणाचा पिस्त्याचा, कुणाचा लोणी रंग. मुख्य दाराच्या पुढे छातीएवढा अर्धा दरवाजा, म्हणजे वारा आत येतो आणि कोंबडी येत नाही, असं मला सांगितलं होतं. कोंबड्या कधीच्या गेल्या होत्या. मी तिथे राहायला आले तेव्हा डोळे मिटून त्या वाटेने चाललं तरी कुठलं घर आलं ते कळायचं. पहिल्या घराची उदबत्ती. दुसऱ्यात सुक्या जवळ्याची चटणी भाजली जायची आणि अख्ख्या ओळीला शिंका यायच्या. तिसऱ्यात पियानोची शिकवणी, तीही कायम एकाच धड्याची. चौथं आमचं, म्हणजे मिस चियाचं. त्याला वास होता ओल्या फडक्याचा.

ही घरं बांधली तेव्हा समुद्र गल्लीच्या टोकाशी होता. नंतर भर घालून त्याला लांब ढकललं. मरीन परेडच्या इमारती आज जिथे उभ्या आहेत तिथे मिस चिया लहानपणी शिंपले वेचायची. पण समुद्र गेल्याचं त्या भिंतींना कुणी कळवलं नव्हतं. त्या आपल्या खालून खारं पाणी ओढतच होत्या.

मिस चिया सरकारी इस्पितळातून मॅट्रन म्हणून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. त्र्याहत्तर वर्षांची, ताठ, बुटकी, आणि घर वॉर्डासारखं चालवणारी. मी युनिव्हर्सिटीत संशोधनासाठी आलेली विद्यार्थिनी, तिच्याकडे मागची वरची खोली भाड्याने घेऊन राहायचे. चपला वाटेवर एका रेषेत, टाचा भिंतीकडे. अंथरुणाच्या चादरीचे कोपरे दुमडून. रविवारी सकाळी ती पांढरा रुमाल घेऊन खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायची आणि रुमाल मला दाखवायची. पहिले दोन महिने मला तिची भीती वाटली. तिसऱ्या महिन्यात मला ताप आला, तेव्हा ती दर चार तासांनी खोलीत यायची, मनगट धरायची, घड्याळाकडे बघायची आणि तांदळाची पेज ठेवून जायची. भीती गेली ती गेलीच.

घराची खरी दुखणाईत होती ती डाव्या हाताची लांब भिंत. दिवाणखान्यापासून मधल्या उघड्या चौकापर्यंत गेलेली, तिसऱ्या घराशी सामाईक. तिला दोनदा चांगल्या कंत्राटदारांकडून चकचकीत रंग दिला होता, पाणी अडवणारा. सहा महिन्यांत रंगाला फोड यायचे, फोड फुटले की आतून मिठासारखी पांढरी भुकटी गळायची आणि खाली काळी बुरशी. मिस चियाला खोकला लागला होता. तिचा भाचा डेरेक दर बुधवारी यायचा, भिंतीकडे बघायचा, मग तिच्याकडे.

डेरेक वाईट माणूस नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा मला तो मुळीच आवडायचा नाही. "आन्टी, माझ्या बिशानच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. लिफ्ट आहे, खाली क्लिनिक आहे. इथे एकटी खोकत बसतेस. हे घर आता म्युझियम आहे, लाह." वाक्याला तिथलं ते 'लाह'चं शेपूट असायचंच.

मिस चिया त्याच्या ताटात आणखी भात वाढायची, म्हणजे तोंड बंद होईल. पण सप्टेंबरमधल्या एका बुधवारी ती जेवता जेवता खोकायला लागली आणि बराच वेळ थांबलीच नाही. खोकला थांबल्यावर तिने चमचा खाली ठेवला. "ठीक आहे," ती म्हणाली. "नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळे इथे जेवायला येतात. त्या दिवशी ही भिंत ओली असेल तर मी बिशानला येते. कोरडी असेल तर तू हा विषय माझ्या मरणापर्यंत काढायचा नाहीस." दोघांनी टेबलावरून हात मिळवला. चिनी नवीन वर्षाला साडेचार महिने होते.

मी समोर बसले होते, तोंडात घास होता, आणि तो न गिळताच मी बोलून गेले की भिंत मी करते.

मिस चियाने चष्म्यावरून पाहिलं. "यू कॅन ऑर नॉट?"

"कॅन," मी म्हणाले.

आणि मग वर खोलीत गेल्यावर पंचाईत लक्षात आली. कारण गंमत अशी होती की माझं संशोधनच मुळी लेपांवर होतं. पाणी अडवणारे लेप. दिवसभर प्रयोगशाळेत मी तेच बनवायचे जे त्या भिंतीचा जीव घेत होतं. भिंतीबद्दल मला जे खरंच ठाऊक होतं ते कुठल्या पेपरात नव्हतं, अकोल्यात होतं.

आई रंगसफेदीची कामं करायची. दिवाळीआधीचा महिना म्हणजे आमच्या घरचा हंगाम. पत्र्याच्या पिंपात चुन्याच्या कळ्या टाकून वरून पाणी ओतलं की पिंप खदखदायला लागायचं, वाफ उठायची, आणि तो गरम, कोरडा वास घशाला चिकटून बसायचा. आम्हा मुलांना दहा पावलं लांब उभं केलेलं असायचं आणि आम्ही प्रत्येक खदखदीला एक पाऊल पुढे सरकायचो. दुसऱ्या दिवशी थंड झालेला चुना फडक्यातून गाळायचा. त्यात डिंकाचं पाणी, खडेमीठ आणि नीळ. अंबाडीच्या दोऱ्यांचा कुंचा आई स्वतः बांधायची, आणि भिंतीवर तो उजवीकडून डावीकडे फिरताना सुप, सुप असा आवाज यायचा. माझ्या लहानपणीच्या ऑक्टोबरला हाच आवाज आहे.

लोकांच्या घराला चिमटीभर नीळ, पांढरा जरा खुलावा एवढीच. घरमालकीण पिंपाशी उभी राहून बजावायची, बाई, बेतानं. उरलेली नीळ पुडीत बांधून आई फळीवर ठेवायची. आम्ही बौद्ध. आमचं घर दिवाळीला नाही, एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी रंगायचं, आणि तेव्हा पिंपाशी उभं राहून बेतानं म्हणणारं कुणी नसायचं. आई सगळ्या पुड्या सोडून मुठीने नीळ टाकायची. कुंचा माझ्या हातात मिळायचा तो त्याच कामात. आठवड्याभरात अख्खी वस्ती निळी झालेली असायची, दारांवर पताका, सकाळी वंदनेला पांढरे कपडे, आणि त्या निळ्यावर ते पांढरे कपडे काय दिसायचे. त्याहून श्रीमंत दिवस मी नंतर पाहिलेले नाहीत.

चुना ओला असताना काहीच दाखवत नाही. भिंत मळकट, खालचे डाग जसेच्या तसे. नवख्याला वाटतं काम फसलं. सुकायला लागला की मग हळूहळू आतून उजळत येतो, दोन दिवस उजळतच राहतो. तो उजाळा बघायला आई कधीच नसायची. शेवटचा हात मारून झाला की बादल्या उचलून निघायचं. भिंत सुकेपर्यंत त्या घरात सण लागायचा, आणि सण लागला की आमची जागा फाटकाबाहेर. जिने माजघरापर्यंतच्या भिंती हाताने पोतल्या तिला आठ दिवसांनी ओसरीच्या आत पाय टाकता येत नव्हता. हे मी कुणाला कीव यावी म्हणून सांगत नाही. मला त्याचा राग आहे आणि तो शिळा झालेला नाही. एका दिवाळीत आई मला घेऊन अशाच एका घरापुढे उभी राहिली, बैठकीतली भिंत दारातून दिसते का बघायला. आतून कागदात बांधलेल्या चकल्या आल्या. भिंत दिसली नाही, चकल्या देणारा माणूसच दार अडवून उभा होता. घरी परतताना आई मला विचारत होती, सुकल्यावर कशी दिसत असेल गं, आणि मी चकली खात होते.

तर त्या आईला मी फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भिंतीचं तोंड दाबलं त्याइनं. थे रंग खरड आधी. तिले घाम येऊ दे, मोकळी सुकू दे. मंग चुना. ताकासारखा पातळ. पाच हात. एक हात सुकल्याबिगर दुसरा नाही."

"मीठ किती?"

"मीठ नको टाकू. त्या भिंतीत आधीच समुद्र हाय."

खरडायला माझी मैत्रीण प्रज्ञा आली, पुण्याची, माझ्याच युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी. तोंडाला फडकी बांधून आम्ही तीन रविवार पातेलं घासतात तशी भिंत घासत होतो. वरचा हस्तिदंती रंग, त्याखाली पुदिन्याचा हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली असा एक गुलाबी की प्रज्ञा म्हणाली, "अगं, हा तर आमच्या हॉस्टेलच्या जेलीचा रंग आहे." प्रत्येक थराखालून वेगळा वास यायचा, कधी जुन्या तेलाचा, कधी ओल्या मातीचा. मिस चिया स्टुलावर बसून सांगायची: हिरवा माझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षी, पिवळा वडील होते तेव्हाचा. शेवटी नुसती वीट आणि जुना गिलावा उरला, तेव्हा ती उठली आणि इस्पितळात असतो तसा एक तक्ता तिने भिंतीशेजारी खिळ्याला टांगला. रोज सकाळी सात वाजता ती भिंतीवर तीन ठिकाणी टिपकागद दाबायची आणि तक्त्यात लिहायची, ओली, ओली, दमट. पेशंटचं नाव लिहायच्या जागी तिने लिहिलं होतं, भिंत.

चुना मिळवणं हे वेगळंच प्रकरण. आम्ही दोघी आधी लिटल इंडियात गेलो आणि पानाच्या चुन्याच्या जेवढ्या डब्या दिसल्या तेवढ्या मागितल्या. दुकानदाराने हिंदीत विचारलं, "दीदी, पान की दुकान खोल रही हो क्या?" प्रज्ञा हसत सुटली. त्या डब्यांनी भिंतीचा कोपराही झाला नसता, म्हणून आम्ही चुन्याविना, फक्त निळीच्या पुड्या घेऊन बाहेर पडलो. शेवटी झाडांच्या रोपवाटिकेत मातीत मिसळायचा चुना मिळाला, दोन पोती. चौकात बादल्या मांडून मी त्यात पाणी ओतलं आणि सवयीने दहा पावलं मागे सरले. काहीच झालं नाही. हा आधीच विझवलेला चुना होता, मुकाट भिजणारा. मिस चिया म्हणाली, "तू कशाला पळालीस?" मी तिला खदखदणाऱ्या पिंपाबद्दल सांगितलं. तिने ते सगळं ऐकलं आणि बादल्यांवर पट्टी चिकटवली, हात लावू नये.

ते महिने मला ऋतूंसारखे आठवतात, खरं तर तिथे ऋतू नाहीत. शरदाच्या पौर्णिमेला मूनकेकचे डबे आणि वाटेवर कागदी कंदील. मग दिवाळी, तेव्हा भिंतीला नुकताच पहिला हात मारला होता आणि माझ्या कोपरापर्यंत चुना. डिसेंबरचा पाऊस चौकात सरळ खाली यायचा, मधल्या दगडी कुंडात पडायचा आणि त्याचा आवाज सगळ्या घरातून फिरायचा. पलीकडे तोच पियानोचा धडा. तक्त्यात ओलीच्या जागी दमट आलं, दमटच्या जागी कधीतरी एखादं कोरडी. त्या दिवशी मिस चियाने हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवरून बदकाचं जेवण बांधून आणलं. तिचा खोकला कमी झाला होता, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

जानेवारी संपत आला. चार हात झाले होते, भिंत धड होती, फक्त निस्तेज दिसत होती. पाचवा हात शेवटचा, निळीचा. मी आईला विचारलं, नीळ किती.

"आता हे बी का इचारा लागते? लहानपणापासून पाह्यलं ना तू? घराले टाकतो तशी टाक."

आता सांगा, माझ्या हाताला कुठलं घर ठाऊक होतं? लोकांच्या घरात मी कधी कुंचा धरलाच नव्हता. मी पुड्या सोडल्या आणि मुठीने टाकली. ओला असताना चुना नेहमीसारखा काहीच बोलला नाही. मळकट, करडा. मी हात धुतले आणि झोपले, दुसऱ्या दिवशीही भिंत फिकी पडतेय एवढंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर चौकातला उजेडच बदललेला. मी खाली धावले. भिंत दिवाणखान्यापासून चौकापर्यंत निळी होती. एप्रिलमधली आमची वस्ती असते तशी निळी. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला हुंदका आला तो आनंदाचा. सिंगापूरच्या एका घरात, समुद्राच्या भिंतीवर, माझ्या आईचा निळा. मग मागे बघितलं तर मिस चिया उभी होती, आणि तिच्यामागे डेरेक, नवीन वर्षाच्या नारिंगीच्या झाडाची कुंडी हातात घेऊन.

"आन्टी," डेरेक कुंडी खाली ठेवून म्हणाला, "हा मयताच्या घरचा रंग आहे. नवीन वर्षाला निळा? थोरली आन्टी दारातूनच परत जाईल, लाह."

मला हे माहीतच नव्हतं. लाल शुभ, एवढंच ठाऊक होतं. निळा आणि पांढरा त्यांच्याकडे सुतकाचा, नवीन वर्षाच्या दिवसांत तर कुणी त्या रंगाचा रुमालही वापरत नाही. ज्या रंगात आम्ही सण करतो तो मी तिच्या घराला दुखवट्यासारखा फासून ठेवला होता, आणि सण चार दिवसांवर होता. मी आईला फोन केला, पांढऱ्या भिंती निदान घरोघर असतात म्हणून वरून पांढरा मारू का विचारायला. आई म्हणाली, "मार. पण चार दिवसांत सुकणार नाही नीट. घाई केली तर पापुद्रे निघतील. पाह्य तुह्यं तू." तिने नाव ठेवलं नाही. ते जास्त लागलं.

मी मिस चियाला सगळं सरळ सांगितलं. पांढरी केली तर पापुद्रे सुटतील आणि डेरेक जिंकेल. निळी ठेवली तर भिंत पक्की आहे, पण रंग हा. चूक माझी आहे, आईची नाही.

ती भिंतीजवळ गेली. टिपकागद दाबला, एकदा खाली, एकदा मध्ये, एकदा वर. तिन्ही कागद उजेडात धरून पाहिले. मग डेरेककडे वळली.

"मी पस्तीस वर्षं इस्पितळात पांढरा गणवेश घातला," ती म्हणाली. "नवीन वर्षाच्या दिवशी पण घातला, कारण बाळं सुट्टी बघून येत नाहीत. त्या दिवशी जन्मलेली किती बाळं या हातांनी धरली ती मी मोजली नाहीत. रंगाने एकही दगावलं नाही. ओलीने दगावतात." आणि तिने खिळ्यावरच्या तक्त्यात लिहिलं: कोरडी, कोरडी, कोरडी.

नवीन वर्षाच्या सकाळी तिने लाल झगा घातला, जो मी तिच्या अंगावर त्याआधी पाहिलाच नव्हता. निळ्या भिंतीवर लाल कागदाच्या पट्ट्या लागल्या, सोनेरी अक्षरांच्या. अननसाच्या बिस्किटांचा वास, तळलेल्या कांद्याचा, नव्या कपड्यांचा. नातेवाईक अर्ध्या दरवाजातून आत यायचे, भिंत बघायचे आणि एकदम हळू बोलायला लागायचे. साडेअकराला मिस चियाची थोरली बहीण आली, एक्याऐंशी वर्षांची, दोन मुलींच्या आधाराने. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. प्रज्ञाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. थोरली बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग चिनीत काहीतरी बोलली आणि खोलीत हशा पिकला. मिस चियाने मला सांगितलं, "ती म्हणते, आता कुठे लाल दिसतोय. मागच्या वर्षी लाल कागद बुरशीवर लावला होता."

जेवणाआधी डेरेक उठला. सगळ्यांसमोर भिंतीवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हात काढून तळव्याकडे पाहिलं, मग नाकाशी नेला. त्या घरात मी त्याला प्रथमच हसताना पाहिलं. "ओके, आन्टी," तो म्हणाला. "यू विन." मिस चियाने त्याच्या ताटात भात वाढला, आणि या वेळी तो तोंड बंद करायला नव्हता.

काय सांगू त्या दिवसाबद्दल. मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढले आणि उतरले, काही कारण नसताना. डिग्री मिळाली तेव्हा मला असं झालं नव्हतं, नोकरी लागली तेव्हाही नाही. त्यानंतर ओळीतले एकेकजण येऊ लागले. आधी पियानोवाली, कारण भिंत तिचीही होती आणि तिच्या बाजूनेही ती सुकली होती. मग पहिलं घर, मग सातवं. मी तीन वर्षांनी तिथून निघाले तोवर पाच घरांच्या आतल्या भिंतींवर चुना होता, प्रत्येकीत निळीचं माप वेगळं. आता सातही घरांत आहे. पाणी अडवणाऱ्या लेपांवर मी आजही नोकरी करते, आणि कुणी जुन्या घराला तो मारायचा म्हटलं की मी ऑफिसात भांडते. मिस चिया पंच्याऐंशीची झाली. बिशानचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट निवृत्त झाल्यावर डेरेकच बिशान सोडून वरच्या माझ्या खोलीत राहायला आला.

आज त्यानेच अर्धा दरवाजा उघडला. मी चपला काढून आत शिरले, टाचा भिंतीकडे. मागे वळून पाहिलं तर आई वाटेवरच उभी. पदर सावरून, अंग चोरून, मान जरा वाकडी करून दारातून आत बघत होती.

"ये ना," मी म्हणाले.

"तू जाय. मी पाह्यतो इथूनच."

अकोला सोडून इतक्या लांब आलेली, विमानात खिडकीची जागा मागून घेतलेली माझी आई त्या उंबऱ्याशी थांबली होती. आतून काठीचा आवाज आला. मिस चिया आली, आईला खालून वर पाहिलं आणि तिचं मनगट धरलं, जसं माझं तापात धरायची तसं, घट्ट. "व्हाय स्टँडिंग?" ती म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली.

आई भिंतीपाशी गेली. तळहात टेकला. टिचकी मारली आणि कान लावला. नखाने कोपरा खरवडून बोटांवर पाहिलं, हुंगलं, मग चार पावलं मागे येऊन खालपासून वरपर्यंत आणि दारापासून चौकापर्यंत पाहत राहिली. चौकातलं ऊन भिंतीवर पडलं होतं. पलीकडे पियानोचा धडा चालू झाला. ज्या बाईने पस्तीस वर्षं डॉक्टरांना धाकात ठेवलं ती मिस चिया निकालाची वाट बघावी तशी काठीवर रेलून उभी होती.

"खिडकीपाशी दुसऱ्या हाताले घाई केली तू," आई मला म्हणाली. "बाकी बरी हाय."

मी भाषांतर केलं. डेरेक मोठ्याने हसला आणि त्याने काळ्या लाकडाची कोरीव खुर्ची ओढत आणून भिंतीसमोर ठेवली. ही खुर्ची घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची, एरवी तीवर कुणी बसत नाही. आई नको नको म्हणाली. मिस चियाने काठी जमिनीवर आपटली. "टेल हर सिट."

आई बसली. आधी खुर्चीच्या कडेला, मग मागे सरकून. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याइले सांग, मी इतक्या भिंती पोतल्या, दुसऱ्याच्या घरातली सुकलेली भिंत बसून पाह्यली थे हेच."

मी सांगितलं. मिस चिया शेजारी स्टूल ओढून बसली आणि दोघी भिंतीकडे बघत राहिल्या. चहा आला, बिस्किटं आली. आईने पाय वर घेतले आणि त्या कोरीव खुर्चीत खुशाल मांडी घातली. ऊन भिंतीवरून सरकत चौकाच्या कडेला गेलं. दोन वाजता मी विचारलं, "आई, निघायचं का?"

"निघू ना," भिंतीवरची नजर न काढता ती म्हणाली. "कोणी हाकलून राह्यलं का?"

कोणीच हाकलत नव्हतं.